काचेतला समुद्र आणि त्याचा दिवा

पोवळे कोणाच्या घरी ठाऊक नाही? मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत बसविलेले असते आणि आजीच्या जुन्या डब्यातून त्याची एखादी माळही निघते. हे रत्न खाणीतून येत नसून समुद्रातील एका इवल्याशा प्राण्याने ते घडविलेले असते, एवढेही शिकल्यासवरलेल्या घरांतून सर्वांस माहीत असते. त्यापुढची मौज मात्र फारशी कोणाच्या लक्षात आलेली नसते. अंगठीतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढते व त्यास उजेडाचे मुळीच अगत्य नसते. उलट, लक्षद्वीपची बेटे ज्यांच्या सांगाड्यांवर उभी आहेत ते उष्ण समुद्रांतील प्रवाळ उजेडाच्या आधारावर जगतात. उजेड त्यांस अंतरला की ते हळूहळू उपाशी मरतात.

या उजेडावर जगणाऱ्या प्रवाळांचे भाईबंद गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांतील घरांतून येऊन राहिले आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील इमारतींतून दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तीत दोन-चार रंगीत मासे, खडकावर डोलणारे मऊ प्रवाळ आणि वर निळसर दिवा, असा देखावा आता अगदीच नवलाचा राहिलेला नाही. मुले असे काही एका घरी पाहून येतात आणि आपल्या घरी हट्ट धरतात. मग वडीलधारी मंडळी खर्चाचा अंदाज विचारू लागली की दुकानदार टाकीची किंमत सांगतो, मिठाची सांगतो, माशांची सांगतो, आणि शेवटी दिव्याची किंमत अशी सांगतो की ऐकणाराने उठूनच जावे. इतका महाग दिवा खरोखर लागतो काय, की स्वस्तातही हे काम व्यवस्थित होते, हा प्रश्न आम्हांस इतक्या घरांतून विचारण्यात आला की अखेर दोन दिवसांची सवड काढून उपनगरांतून हिंडावे व जे दिसेल ते वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही ठरविले.

टाक्या पाहण्यापूर्वी समुद्र पाहणे इष्ट, म्हणून पहिली सकाळ आम्ही वांद्र्यास काढली. ओहोटीची वेळ काढण्यास वेधशाळेकडे धाव घेण्याचे कारण पडले नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातील जुना आडाखा मुंबईसही लागू पडतो. आम्ही शुद्ध द्वितीया निवडली. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पुरती ओहोटी. त्या वेळी बँडस्टँडखालचा काळा खडक दूरवर उघडा पडला होता आणि त्याच्या खळग्यांतून समुद्राचे पाणी आरशासारखे साचले होते.

या खळग्यांतून हिंडताना पाय जपून टाकावा लागतो, तो घसरण्याच्या भीतीने तर खराच, पण त्याहून अधिक म्हणजे पायाखाली जीव आहेत म्हणून. शेवाळाने माखलेला दगड म्हणून जो आपण ओलांडून जातो, त्यावर हिरवट-तपकिरी बटणे दाटीने शिवल्यासारखी दिसतात. ही बटणे म्हणजे झोअँथिड नावाचे प्राणी. खऱ्या प्रवाळांचे ते जवळचे आप्त होत. पाणी ओसरले की ते मिटून बसतात आणि भरती आली की पाकळ्या उघडतात. त्यांच्या शेजारी समुद्रफुले, शंख, खेकडे यांचा संसार चाललेला असतो. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही नागरिकांनी अशा किनाऱ्यांवर लोकांस नेऊन हे जीव दाखविण्याचा उपक्रम चालविला आहे आणि मुंबईचा समुद्र म्हणजे केवळ घाण पाणी, ही समजूत त्यामुळे पुष्कळशी दूर झाली आहे.

कठीण सांगाड्याचे खरे प्रवाळही मुंबईच्या किनाऱ्यास आहेत. किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजीअली येथे त्यांच्या १८ वसाहती आढळल्या. २०२० साली त्या जागच्या जागी चिरडून न टाकता वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन उचलण्यात आल्या व दुसऱ्या ठिकाणी लावण्यात आल्या. सगळ्या मिळून त्यांचा पसारा एखाद्या पाटाएवढाही नसेल. परंतु एवढ्यासाठीही शासनाच्याच एका अंगास दुसऱ्याची परवानगी मागावी लागली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वांद्र्याच्या खळग्यात आम्ही कोपरापर्यंत हात घातला तर आमचीच बोटे आम्हांस दिसेनात, इतके पाणी गढूळ होते. लक्षद्वीपच्या आरशासारख्या पाण्यात सूर्याचा उजेड कित्येक वाव खोल जातो; येथे तो दोन हातांतच मंदावतो. तरीही येथे प्रवाळ आणि त्यांचे आप्त राहतात. काहींनी उजेडाची गरजच सोडून दिली आहे व ते पाण्यातून वाहत येणाऱ्या सूक्ष्म जीवांवर पोट भरतात. काही थोड्या उजेडात भागवितात. प्रवाळ म्हटला की त्यास लखलखीत प्रकाश हवाच, हे दुकानदाराचे प्रमेय आपल्या दारच्या समुद्रानेच असे खोटे पाडले आहे. स्वस्त दिव्याचा सगळा विचार येथून सुरू होतो.

वांद्र्याहून लोकलने अंधेरीस व तेथून रिक्षाने वर्सोव्यास आलो. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था येथेच आहे. १९६१ साली तिची स्थापना झाली व १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. मुंबईकरांस समुद्रातील जीव काचेआड दाखविण्याचे काम मात्र दक्षिणेकडे, मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून केले. आमच्या पिढीतील कित्येकांनी जिवंत समुद्रफूल पहिल्यांदा तेथेच पाहिले. २०२० च्या महामारीत त्याचीही दारे मिटली.

आता उजेडाचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवल बिऱ्हाड करून असते. ते उजेडाच्या साहाय्याने साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकास देते. त्याबदल्यात प्रवाळ त्यास आसरा व खतपाणी पुरवितो. उष्ण समुद्रातील कित्येक प्रवाळांचे बहुतेक सर्व पोषण या भाडेकरूकडूनच होते. म्हणजे आपण टाकीवर दिवा लावतो तो शोभेसाठी नसून त्या शैवलाच्या चुलीत जळण घालण्यासाठी होय. पाणी तांबडा रंग वरच्यावर शोषून घेते आणि निळा रंग खोलवर जाऊ देते. त्यामुळे हे शैवल निळ्या प्रकाशावर चांगले पोसते. समुद्री टाकीचे दिवे निळसर असतात ते याच कारणाने.

या उपयोगी प्रकाशाचे एक माप आहे, त्यास ‘पार’ म्हणतात. दर सेकंदास एक चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडतात, हे त्यात मायक्रोमोलमध्ये मोजले जाते. भर दुपारच्या उन्हात ते सुमारे २००० भरते. छत्रीसारखे पसरट मऊ प्रवाळ, ज्यांस शौकीन लोक ‘मशरूम’ म्हणतात, त्यांस ३० ते ७५ पुरते. चामड्यासारखे मऊ प्रवाळ व बटणांसारखे झोअँथिड ७५ ते १५० च्या आसपास सुखाने राहतात. फांद्याफांद्यांचे कठीण प्रवाळ मात्र २५० ते ४०० मागतात. पहिल्यातले आणि शेवटच्यातले अंतर पाहिले म्हणजे दिव्याच्या खर्चात एवढी तफावत का पडते, ते आपोआप उमगेल.

अंधेरीतील दोन-तीन दुकाने आम्ही पाहिली. सगळीकडे एकच थाट. खोलीत अंधार, टाकीवर गर्द निळा दिवा, आणि त्याखाली हिरवे, नारिंगी, जांभळे प्रवाळ जणू विस्तवासारखे पेटलेले. हा रंग खोटा नाही. निळा प्रकाश पडला असता प्रवाळातील काही द्रव्ये दुसऱ्या रंगाने चकाकतात. परंतु तेच प्रवाळ घरच्या पांढऱ्या उजेडात तपकिरी दिसू लागले की गिऱ्हाईक हिरमुसते आणि अधिक महाग दिव्याच्या नादी लागते. शालू घेताना दुकानातल्या दिव्यावर विश्वास न ठेवता तो दारापाशी नेऊन उन्हात पाहण्याची आपल्या घरांतील वडील स्त्रियांची रीत आहे. तीच येथे पाळावी. निळा दिवा घटकाभर मालवून पांढरा लावावयास सांगावे आणि मग काय ते पसंत करावे.

दुकानात आणखी एक गोष्ट विचारावयाची असते, ती कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून सर्व कठीण, भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झालेला आहे. वाघास जे संरक्षण तेच यांस. असा प्रवाळ समुद्रातून काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. ज्या पाटभर वसाहती हलविण्यास शासनास परवानगी घ्यावी लागली, त्या जातीचा तुकडा कोणी कागदाच्या पिशवीत बांधून देत असेल तर तेथून निमूटपणे निघून यावे. मऊ प्रवाळांपैकी पुष्कळ प्रकार या यादीत नाहीत. तरीही विकणाराच्या तोंडी हवाल्यावर न जाता जातीचे नाव व मूळ यांचा लेखी कागद मागावा आणि चालू यादीशी स्वतः ताडून पाहावा. कायद्याच्या या कुंपणाचा खर्चाच्या दृष्टीने एक लाभच झाला आहे. सर्वांत अधिक उजेड मागणारे, म्हणून सर्वांत महाग दिवा लागणारे प्रवाळ बहुतांशी या कुंपणापलीकडेच राहिले. घरी ठेवता येण्याजोगे जे उरले ते बहुतेक अल्पसंतुष्ट आहेत.

संध्याकाळी आम्ही बोरिवलीस एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांच्या टाकीवर टी-५ जातीच्या बारीक नळ्या होत्या, प्रत्येकी ५४ वॅटच्या, चार फूट लांबीच्या. दोन निळ्या व दोन पांढऱ्या. या नळ्यांचा गुण असा की त्यांचा उजेड सारखा पसरतो, एका ठिकाणी चटका व दुसरीकडे सावली असे होत नाही. सरांचे प्रवाळ खरोखर टवटवीत दिसले. पण नळ्या दिसावयास पेटत असल्या तरी वर्षभरात त्यांचा कस उतरतो आणि त्या बदलाव्या लागतात. शिवाय आता त्या मिळेनाशा होत चालल्या आहेत. सरांनी शेवटच्या चार नळ्या कपाटात लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून ठेवल्या आहेत. त्या संपल्या की पुढे काय, याची त्यांस विवंचना आहे.

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपरास गेलो. २०१४ साली सुरू झालेला हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग पश्चिमेकडील उपनगरास पूर्वेकडील उपनगराशी जोडतो आणि पूर्वी जेथे तास-दीड तास रस्त्यात मोडे तेथे आता पाव-अर्ध्या तासात माणूस पोहोचतो. घाटकोपरचे आमचे स्नेही धंद्याने हिशेबनीस. त्यांच्याकडे पूर्वी २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा होता. उजेड अस्सल उन्हासारखा. पाण्याच्या तळाशी लाटांच्या सावल्या नाचत, ते पाहून पाहुणे थक्क होत. पण स्नेह्यांनी वही काढून जो हिशेब दाखविला तो असा. २५० वॅट दिवसास आठ तास, म्हणजे रोज दोन युनिट, महिन्यास साठ. त्याच टाकीवर आता ६० वॅटचा एलईडी दिवा आहे. त्याचे महिन्याचे युनिट साडेचौदा. फरक पंचेचाळीस युनिटांचा.

येथे हिशेबनीसांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. या उपनगरांतून वीज पुरविणारी मंडळी बदलत गेली. १९२९ साली निघालेली बॉम्बे सबर्बन कंपनी, पुढे रिलायन्स, २०१८ पासून अदानी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. पण घरगुती दराच्या पायऱ्या सर्वत्र सारख्याच, १००, ३०० व ५०० युनिटांच्या. लहान बिऱ्हाड खालच्या पायरीवर राहते. एकत्र कुटुंबाचा वापर मुळातच वरच्या पायरीस टेकलेला असतो. तेव्हा टाकीमुळे जे युनिट वाढतात ते सगळे सर्वांत महाग दराने मोजले जातात. सरासरी दर धरून जो हिशेब करील तो फसेल. घरात माणसे जितकी अधिक तितका टाकीचा उजेड महाग, असा हा न्याय आहे.

आणि हा केवळ दिव्याचा हिशेब झाला. हॅलाइडची उष्णता खाली पाण्यात उतरते. प्रवाळास २४ ते २७ अंश उष्णता मानवते. तीसच्या वर पाणी फार दिवस राहिले की आतले शैवल निघून जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. १९९८ साली समुद्रच तापला तेव्हा लक्षद्वीप व मन्नारच्या आखातातील प्रवाळांची हीच गत झाली होती; २०२३-२४ मध्ये जगभर पुन्हा तेच घडले. जी गोष्ट समुद्रास सोसवली नाही ती शंभर लिटरच्या टाकीस कशी सोसावी? मुंबईत वैशाखात घरातली हवाच तीस-बत्तीस अंशांवर असते. मग पाणी थंड करणारे चिलर नावाचे यंत्र घ्यावे लागते, ते विजेचे दुसरे बिल आणते आणि स्वतःची उष्णता त्याच खोलीत सोडते. कोरड्या हवेच्या गावी पाण्यावर पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात; आमच्या दमट मुंबईत पाणी तितके उडत नाही, म्हणून पंखाही तितका पावत नाही. मुंबईपुरते बोलावयाचे तर थंड दिवा तोच स्वस्त दिवा. एलईडीचा खरा फायदा येथे आहे. चिलरची गरज त्याने प्रत्येक घरी संपेल असे नाही. पण तो चालण्याचे तास निश्चित कमी होतात.

सूर्यप्रकाश फुकट असता दिवा कशास, असेही काही जण विचारतात. टाकी गॅलरीत ठेवून पाहणारे शौकीन आम्हांस भेटले. मे महिन्यात तेथे पाणी तापते, काचांवर हिरवे शेवाळ चढते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे उजेडाचा नेम राहत नाही. फुकटचे ऊन असे महागात पडते.

घाटकोपरहून लोकलने मुलुंडास गेलो. तेथील घर पाहून आमच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे मिळाले. तीन भावांचे एकत्र कुटुंब, लहानथोर अकरा माणसे. टाकी आणावयाची की नाही यावर या घरात तीन महिने खल चालला होता. थोरल्या काकांचा आक्षेप बिलाचा. आजींचा आक्षेप निराळाच. माशांचे गोठविलेले खाद्य म्हणजे बारीक कोळंबी. ती घरच्या फ्रिजमध्ये, दह्यादुधाशेजारी येणार नाही, असा त्यांनी शब्द टाकला होता. पुतण्याने यावर वाद घातला नाही. त्याने आधी प्राणी निवडले, मग टाकी, आणि दिवा सगळ्यांत शेवटी. ज्यांस उजेडच बहुतांशी पुरतो असे मशरूम व चामडी प्रवाळ घेतले. मासे दोनच, कोरड्या गोळीवर राहणारे. गोळीचा डबा टाकीखालच्या कपाटात असतो. आजींचा शब्द राहिला आणि टाकीही आली.

टाकीची निवड त्याने फार शहाणपणाने केली. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, पण उंची पंधरा इंचच. पाणी सुमारे शंभर लिटर. दुकानात मिरविणाऱ्या टाक्या दोन-दोन फूट उंच असतात. दिव्यापासून अंतर वाढले की उजेड झपाट्याने उणावतो. उघड्या दिव्याचे अंतर दुप्पट झाले तर उजेड चौथ्या हिश्शावर येतो. काचेच्या आतून होणाऱ्या परावर्तनाने तूट थोडी भरून निघते, तरी नियम मोडत नाही. उंच टाकीच्या तळाशी उजेड पोहोचविण्यास जो भारी दिवा लागतो त्याची किंमत आणि उथळ टाकीस पुरणाऱ्या साध्या दिव्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाकीची उंची कमी करणे हीच दिव्यातली सर्वांत मोठी काटकसर.

दिवा त्याने ५० वॅटचा, निळे व पांढरे असे दोन निरनिराळे भाग असलेला घेतला. दोन भाग वेगळे मंद-तेज करता येतात, एवढा एक गुण त्याने पाहिला. भ्रमणध्वनीवरून ढग व विजा दाखविण्याची जी सोय महाग दिव्यांत असते तिचा प्रवाळास काहीच उपयोग नाही. पार मोजण्याचे यंत्र दिव्याहूनही महाग असते. मुलुंड-ठाण्याकडच्या काही शौकिनांनी ते मिळून एकच घेतले आहे व पाळीपाळीने वापरतात. ज्यांस तेही मिळत नाही त्यांनी साध्या लक्स-मापकावर पांढऱ्या उजेडाचा आकडा घेऊन त्यास साठाने भागावे; अदमास येतो. निळ्या उजेडात मात्र हा हिशेब चुकतो. मापकावाचूनही प्रवाळ स्वतः बोलतो. उजेड कमी पडला तर तो मान उंचावून लांबतो व काळपट तपकिरी होतो. अधिक झाला तर आक्रसतो व फिका पडतो. नवा दिवा एकदम पूर्ण तेजाने लावणे घातक असते. या मुलाने तिसऱ्या हिश्शाने आरंभ केला व महिना-सव्वा महिन्यात हळूहळू वाढविला.

दिवा रोज आठ तास लागतो, त्याहून अधिक लावून प्रवाळास काही मिळत नाही. हे आठ तास कोणते, हे घराने ठरवावयाचे असते. येथे दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत ठरले. मुले शाळेतून येतात, मोठी माणसे कामावरून येतात, तेव्हा टाकी उजळलेली असते. आठनंतर आजोबांच्या निजेस निळ्या उजेडाचा उपद्रव होत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी त्या घरात आम्ही पाहिल्या त्या सर्वांनी कराव्यात. खाऱ्या पाण्याचे तुषार दिव्यावर बसून मीठ साचते आणि पावसाळ्यात ते ओलावा धरते. म्हणून दिवा पाण्यापासून नऊ-दहा इंच वर टांगलेला, वायर सॉकेटपाशी खाली झोळ देऊन वर नेलेली, आणि त्या जोडणीस तीस मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-स्विच. झोळामुळे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटात न जाता खाली ठिपकते. दुसरी गोष्ट, काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. ते चिकटलेला दगड उघड्या हातांनी घासू नये आणि कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण वाफेबरोबर विष हवेत येते. लहान मुले असलेल्या घरी हे प्राणी न आणणे बरे. मुलुंडच्या घराने ते आणले नाहीत.

आता दिवा कोणता घ्यावा, याचे आमचे उत्तर. कायद्याने चालण्याजोगे व थोड्या उजेडात राहणारे मऊ प्रवाळ. पंधरा-सोळा इंचांहून अधिक उंच नाही अशी टाकी. तिच्यावर पन्नास-साठ वॅटचा साधा, निळा-पांढरा, वेगवेगळा मंद करता येणारा एलईडी दिवा. आठ तासांचा नेम. या क्रमाने गेले तर दिव्याचा खर्च मध्यम कुटुंबाच्या आवाक्यात येतो आणि महिन्याचे युनिट पंधराच्या आत राहतात. क्रम उलटा केला, आधी डोळ्यांत भरलेला प्रवाळ व उंच टाकी घेतली, तर कितीही शोधले तरी स्वस्त दिवा सापडणार नाही. अर्थात टाकीस इतरही खर्च आहेत. शुद्ध पाणी, मीठ, पंप, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे रोज अर्धा तास देणारे एक माणूस. घरातील मुलगा परीक्षेस बसला अथवा परगावी शिकावयास गेला तर ते माणूस कोण, हे दिवा घेण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्रवाळ मुका आहे. तो आठवण करून देत नाही.

हे सारे जुळण्यासारखे नसेल तरी मुलांचा विरस करण्याचे कारण नाही. पावसाळा संपला की पंचांग उघडावे, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया अथवा तृतीया सुट्टीच्या दिवशी पडते का ते पाहावे, आणि सकाळी साडेसात-आठच्या ओहोटीस घरातील मंडळींनी वांद्र्याच्या खडकांवर जावे. पायांत न घसरणाऱ्या वहाणा असाव्यात, हात पाठीशी असावेत, आणि येताना खिशात एक शंखही नसावा. तेथील जीवांस उजेड पुरविण्याचा भार कोणावरही नाही.